संगणकाच्या स्मृतीची गळती : एका बिनतारी ड्रायव्हरचा धडा

संगणकावरील प्रत्येक कामाला त्याच्या स्मृतीत, म्हणजेच मेमरीत, जागा लागते. ही जागा मर्यादित असते. म्हणून लागेल तेवढी जागा मागून घ्यावी आणि काम संपताच ती परत करावी, असा नियम आहे. गावच्या देवळातील सामाईक भांडी कार्यासाठी नेतात व कार्य उरकल्यावर परत आणून ठेवतात, तसाच हा व्यवहार होय. नेलेली भांडी परत आली नाहीत, तर पुढच्या घरच्या कार्याची अडचण होते. संगणकात अशा न परतलेल्या जागेला ‘मेमरी लीक’ अर्थात स्मृतीची गळती म्हणतात. या नावावरून माहिती बाहेर फुटते असा समज होण्याचा संभव आहे. परंतु येथे माहिती चोरीस जात नाही, जागा अडून राहते.

साधा कार्यक्रम बंद केला की त्याने अडवलेली जागा कार्यप्रणाली स्वतः काढून घेते. मात्र कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, गळती झाल्यास ती जागा बहुधा संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत मोकळी होत नाही. वाय-फायच्या उपकरणाशी संवाद साधणारा ‘ड्रायव्हर’ याच गाभ्यात काम करतो. त्यामुळे त्यातील लहानशी चूकही महाग पडते.

लिनक्सचे उदाहरण बोधप्रद आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभ केलेला हा गाभा आज अँड्रॉइड भ्रमणध्वनीत आहे; सी-डॅक या भारतीय संस्थेची ‘बॉस’ ही कार्यप्रणालीही त्यावरच आधारलेली आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये, लिनक्सच्या ५.३.११ पर्यंतच्या आवृत्त्यांतील एक दोष सीव्हीई-२०१९-१९०७३ या क्रमांकाने सुरक्षादोषांच्या जागतिक यादीत नोंदला गेला. अथेरॉस चिप असलेली यूएसबी वाय-फाय उपकरणे चालवणाऱ्या ‘एटीएच९के’ या ड्रायव्हरमधील हा दोष होता. ड्रायव्हर उपकरणाला संदेश पाठवी व उत्तराची एक सेकंद वाट पाही. उत्तर न आल्यास तो काम सोडून देई. पण संदेशासाठी घेतलेली जागा परत करीत नाही, असे तपासणीत म्हटले गेले. कोणी मुद्दाम असे प्रसंग वारंवार घडवून आणल्यास स्मृती भरत जाऊन संगणक ठप्प होईल, अशी भीती होती. म्हणून मुदत टळताच जागा मोकळी करण्याची सूचना ड्रायव्हरमध्ये घालण्यात आली.

परंतु प्रकरण येथे संपले नाही. २०२० मध्ये स्वयंचलित चाचणीत या दुरुस्तीचाच दोष उघड झाला. संदेश एकदा पाठवणी करणाऱ्या भागाच्या हवाली केला की त्याची जागा मोकळी करणे हे त्या भागाचे काम होते. ड्रायव्हर तीच जागा पुन्हा मोकळी करू लागल्याने, परत झालेल्या जागेत दुसरा भाग हात घालीत असे. देवळात जमा झालेले पातेले आपलेच समजून त्यात पुन्हा आधण ठेवावे, तसा हा प्रकार झाला. असा दोष गळतीहूनही घातक ठरू शकतो. अखेर घातलेल्या सूचना काढून टाकण्यात आल्या.

यातून मिळणारा धडा स्पष्ट आहे. वस्तू कोणी घेतली एवढीच नोंद पुरेशी नसते. ती परत करण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हेही ठरलेले असावे लागते. ती कोणाचीच नसेल तर गळती होते, आणि दोघांची असेल तर गोंधळ.

शाळा, पंचायत व कार्यालये यांतील संगणक वापरणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. कार्यप्रणालीच्या सुधारित आवृत्त्या वेळेवर घ्याव्यात. कारण दुरुस्ती आणि दुरुस्तीची दुरुस्ती, दोन्ही त्यातूनच येतात. अनोळखी यूएसबी उपकरण संगणकास जोडू नये. संगणक दिवसेंदिवस मंद होत असेल व पुन्हा सुरू केल्यावरच सुधारत असेल, तर तारीख, वेळ व जोडलेली उपकरणे वहीत टिपून ती तंत्रज्ञास दाखवावीत. गळतीचा माग काढण्यास अशी नोंद फार उपयोगी पडते.