वडिलांची पीएसए तपासणी आणि मेडिक्लेम

पीएसए ही प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ताची तपासणी काही शे रुपयांत होते. आकडा वाढलेला निघाला की एमआरआय आणि बायोप्सीचा खर्च मागोमाग येतो. म्हणून रक्त देण्याआधी पॉलिसी वाचा.

विमा कंपनीकडे 'कस्टमर इन्फर्मेशन शीट' मराठीत मागा. मागितल्यास ते स्थानिक भाषेत द्यावं लागतं. त्यात हेल्थ चेक-अपची तरतूद शोधा: दरवर्षी की काही वर्षांनी, किती रुपयांपर्यंत, कोणत्या लॅबमध्ये. चेक-अपच्या यादीत साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी असूनही पीएसए नसू शकते. ती धरली आहे का, हे ईमेलवर विचारा. फोनवरचा होकार क्लेमच्या वेळी दाखवता येत नाही. तरतूद नसेल तर पैसे भरा आणि पावती जपा. जुन्या करपद्धतीत एकूण मर्यादेच्या आत अशा तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत वजा होतात, रोखीने दिले तरी.

मग डॉक्टर. सत्तरीनंतर काहीच त्रास नसेल तर ही तपासणी सरसकट करू नये, असा अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाचा २०१८चा सल्ला आहे. तेव्हा गरज आहे का, हे आधी विचारा. लघवीला त्रास असेल तर प्रश्नच वेगळा: ती तपासणी आता निदानासाठी आहे. त्रास काय आणि कधीपासून, हे चिठ्ठीवर खरंखरं लिहून घ्या. प्रोस्टेटसाठीचं फिनास्टेराइड हे औषध चालू असेल तर सांगाच, त्याने आकडा साधारण निम्मा दिसतो. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर तो बरा होऊ द्या. दोन दिवस आधी सायकल नको.

आकडा वाढला, तर निव्वळ तपासण्यांसाठी रुग्णालयात भरती होऊ नका. 'ॲडमिट व्हा, क्लेममध्ये बसवू' असं कुणी सांगितलं तरी नाही. फक्त तपासणीसाठी झालेली भरती पॉलिसीत वगळलेली असते. बायोप्सी डे-केअरमध्ये धरतात का, हे टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडून) आधी लेखी घ्या. कर्करोग निघून शस्त्रक्रिया ठरली, तर भरतीआधीच्या ३० किंवा ६० दिवसांतल्या त्याच आजाराच्या तपासण्या क्लेममध्ये येतात. हे दिवस भरतीच्या तारखेपासून मागे मोजतात. म्हणून चिठ्ठ्या, मूळ बिलं, रिपोर्ट तारखेनुसार एका फायलीत लावा, आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना डॉक्टरांना ही मुदत सांगा. मुदतीसाठी उपचारांची घाई किंवा दिरंगाई मात्र करू नका.

सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान कार्ड ५ लाखांपर्यंतच्या भरतीसाठी आहे. ओपीडीतली पीएसए त्यात बसत नाही.

नवी पॉलिसी घेताना वाढलेला आकडा लपवू नका. आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिन्यांची; लपवाछपवीने मात्र पॉलिसीच रद्द होऊ शकते.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. फी नाही, वकीलही लागत नाही.