चिठ्ठीविना आणलेलं मलम

चेहरा उजळावा, नायटा लवकर बसावा म्हणून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब आठवडाभरात गुण दाखवते आणि माणूस तिथेच फसतो, असं माझं ठाम मत आहे. अशा कितीतरी ट्यूबांमध्ये बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी एखादं स्टेरॉइड असतं. ते रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून लाली जाते. दाह दाबतं, म्हणून खाज थांबते. पण कोलॅजन तयार करणाऱ्या पेशींनाही तेच औषध आवर घालतं. महिनोन्महिने लावत राहिलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, तोंडावर पुरळ उठतं, काखेत-जांघेत न जाणारे वळ पडतात. त्यात अंगावरची सगळी कातडी सारखी नसते. फेल्डमन आणि मायबाक या संशोधकांनी १९६७ साली हायड्रोकॉर्टिसोन कुठून किती शोषलं जातं ते मोजलं. कोपराखालच्या हातातून होणारं शोषण १ धरलं, तर कपाळातून ते ६ पट, जबड्याच्या कडेतून १३ पट आणि अंडकोशाच्या त्वचेतून ४२ पट भरलं. तळपायातून जेमतेम ०.१४. म्हणजे शेजारणीच्या पायाला मानवलेलं मलम आपल्या गालाला मानवेलच असं नाही.

‘डॉक्टरही हेच लिहून देतात ना?’ असं कुणी विचारेल. देतात, आणि द्यायलाच हवं. इसब, सोरायसिस यांवर स्टेरॉइड मोलाचं औषध आहे; त्याच्या धास्तीने मुलाचं इसब चिघळू देणं हाही अन्यायच. फरक आहे तो तीव्रता, जागा आणि मुदत ठरवण्यात. भारतातल्या १२ केंद्रांवरच्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइड लावत होते आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं. दुसरा आक्षेप खर्चाचा. तालुक्याच्या गावी त्वचारोगतज्ज्ञ सहज मिळत नाही, हे खरंच आहे. पण नायट्यावर स्टेरॉइडमिश्रित मलम लावलं की खाज दबते, बुरशी मात्र पसरत राहते. मग उपचार लांबतो आणि वाचवलेल्या पैशांहून जास्त पैसे जातात. सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण गिऱ्हाईकच नाव घेऊन ट्यूब मागत असेल तर नियम कागदावरच राहतो.

म्हणून ट्यूबवरचे घटक वाचा. स्टेरॉइड आहे का, असल्यास किती तीव्र, कुठे आणि किती दिवस लावायचं, हे डॉक्टरांना विचारून घ्या. चेहऱ्यावर बरेच महिने लावत असाल तर मनानेच एकदम बंद करू नका. आग आणि लाली उसळते आणि घाबरून माणूस पुन्हा तीच ट्यूब उचलतो. बंद करायचंच आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि आपली ट्यूब दुसऱ्या कुणाला सुचवू नका.