दारू सोडायचीय, पण सभा कुठे भरते?

प्रश्न : यजमानांना दारू सोडायची आहे. मदतगटाची सभा कशी शोधावी? गावात चर्चा होईल, ही भीती वाटते.
– एक वाचक, भडगाव

उत्तर : ताई, आधी डॉक्टर, मग सभा. रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर हातपाय थरथरतात, कधी झटके येतात, भ्रम होतो; ते जिवावर बेतू शकतं. जळगावच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. तिथेच जवळच्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ (एए) या मदतगटाच्या सभेची चौकशी करा. १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवरही मार्गदर्शन मिळतं.

१९३५ साली अमेरिकेत दोन व्यसनी माणसांनी एकमेकांना सावरलं, त्यातून एए उभी राहिली. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. तरी संकोच वाटलाच तर भडगावऐवजी पाचोरा, चाळीसगाव किंवा जळगावकडे सभा भरते का, ते विचारा. एसटीचं भाडं पडेल, पण मोकळेपणाने बोलता येईल. एका सभेवरून मत बनवू नका, बऱ्याच जणांना पहिल्यांदा अवघडच वाटतं.

दाखल व्हायची गरज पडली तर पुण्याचं ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून हे काम करतंय.

आणि तुमचं काय? कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ हा वेगळा गट असतो. यजमान तयार नसले तरी तुम्ही जा.