गोठ्याखालची जमीन

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला. भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत नदीकाठची कितीतरी गावे पाण्यात गेली. अशा वेळी माणसांसाठी शाळा उघडतात. जनावरे मात्र एखाद्या उंचवट्यावर, उघड्या जमिनीवर, बांबू आणि ताडपत्रीच्या आडोशाखाली बांधावी लागतात. वर छप्पर हवे हे सर्वांनाच सुचते. पायाखाली काय हवे, हा विचार मागे राहतो. आणि धान वाहून गेल्यावर शेतकऱ्याजवळ उरतात ते बैलच. तेही लंगडू लागले, तर?

खूर आपल्या नखासारख्याच, केराटिन नावाच्या पदार्थाचा बनलेला असतो. तासभर पाण्यात डुंबून आल्यावर आपली नखे कशी मऊ पडतात, ते तुम्ही पाहिलेच असेल. चिखलात आठवडाभर उभ्या असलेल्या बैलाचे खूर तसेच मऊ पडतात. त्यातून बैलाचा खूर दुभंगलेला. त्याच्या बेचक्यातली त्वचा भिजते, खड्याने चिरते आणि तेथून शेण-चिखलातले जंतू आत शिरतात. यांतले काही जंतू हवा नसेल तेथेच फोफावतात, आणि चिखलाने बुजलेल्या बेचक्यात हवा कोठून येणार? घोड्याचा खूर एकसंध असतो, पण त्याच्याही तळव्यात एक मऊ त्रिकोणी भाग असतो. त्याच्या खाचांत अशीच सड लागते. तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो; तेथेही घोडे उघड्या जमिनीवरच बांधतात. पण तो दत्तजयंतीच्या सुमारास, पाऊस सरल्यावर. आपली अडचण भर पावसाळ्यातली आहे.

पावसाखेरीज ओल आणखी दोन वाटांनी येते. एक वाट जनावराच्या मूत्राची. त्यातल्या युरियाचे जंतू विघटन करतात आणि डोळ्यांना झोंबणारा अमोनिया वायू सुटतो. वास मारण्यासाठी पुष्कळ जण चुना किंवा राख टाकतात. हे दोन्ही अल्कधर्मी असल्यामुळे अमोनिया उलट अधिकच जोराने बाहेर पडतो! त्याऐवजी शेतात घालायचे सुपर फॉस्फेट थोडेसे भुरभुरले, तर अमोनिया त्यात बांधला जातो.

दुसरी वाट खालून येते. मातीच्या बारीक कणांमधल्या फटी अतिशय अरुंद असतात आणि त्यांतून पाणी वर चढते. कंदिलाच्या वातीतून तेल चढते, तसेच हे केशाकर्षण. चंद्रपूर-गडचिरोलीचे शेतकरी काळ्या भारी जमिनीला कन्हार म्हणतात आणि खडेमिश्रित हलक्या जमिनीला बरडी. कन्हारातले पाणी खूप उंच चढू शकते. जाड खड्यांच्या थरात मात्र ते दोन-चार बोटांतच थांबते.

हे करून पाहा. प्लास्टिकच्या दोन बाटल्यांचे बूड कापा, तोंडाला फडके बांधा आणि त्या उलट्या धरा. एकीत कोरड्या कन्हाराचा चुरा भरा, दुसरीत आधी चार बोटे धुतलेली, कोरडी बारीक गिट्टी आणि तिच्यावर तोच चुरा. दोन्हींची तोंडे बोटभर रंगीत पाण्यात बुडवून रात्रभर ठेवा. सकाळी कोणता चुरा कोरडा आहे?

तात्पुरत्या गोठ्याचे तेच करायचे. जागा बरडीची निवडावी. खाली वीतभर गिट्टीचा थर, त्यावर मुरूम घालून तो ओला करून धुमसावा. गिट्टी उघडी राहता कामा नये, तिच्या धारेने खूर चिरतो. तीन मीटर लांबीला सात-आठ सेंटिमीटर उतार पुरे. आणि भोवती चर हवाच. चर खणायचा राहिला, तर बाकीची सारी मेहनत पाण्यात जाते.

आपल्याकडे बांबू मुबलक, म्हणून तो अंथरण्याचा मोह होतो. शेळ्यांना बांबूचे मचाण फार चांगले, कारण लेंड्या फटींतून खाली पडतात आणि शेळी वजनाने हलकी. बैलाचा पाय मात्र ओल्या बांबूवरून घसरतो, किंवा फटीत अडकतो. सागाची मोठी पानेही तशीच निसरडी.

अंथरायला धानाची तणीस उत्तम. ती आपल्या वजनाच्या दुपटीइतके पाणी शोषते. पण बैल ती खातो, आणि पुरानंतर वैरणीचाच तुटवडा असतो; तेव्हा जी मुखात जायची ती पायाखाली कशी घालणार? मूल, सिंदेवाहीकडच्या राईस मिलच्या मागे धानाच्या तुसाचे ढीग असतात. तूस तणसाइतके पाणी शोषत नाही, कारण त्यात सिलिका भरपूर असते. पण त्याच कारणाने ते लवकर कुजत नाही. चार बोटे जाडीचा थर द्यावा, भिजलेला भाग रोज सकाळी फावड्याने काढून तेथे कोरडे तूस टाकावे. आणि त्याच वेळी बैलाचा पाय उचलून बेचक्यातला चिखल बोथट काडीने काढावा. बैल पाय झटकेल. त्याला दुखते आहे का, हेही तेव्हाच कळते.