राईनपाडा लांब नाही

चि. भाऊस,


साधूंच्या वेषातली टोळी मुलं उचलून किडन्या विकते, असा व्हिडिओ तू गावाच्या ग्रुपवर टाकलास आणि खाली ‘आपल्या तालुक्यात शिरलेत’ अशी ओळ स्वतः जोडलीस, हे तुझ्या आईकडून कळलं. तेव्हापासून जिवाला घोर लागला आहे. साक्री तालुक्यातल्या मुलाला तालुक्यातलाच राईनपाडा सांगावा लागतो, याचा संतापही आला. 1 जुलै 2018, आठवडे बाजाराचा रविवार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर जगणारे पाच जण मुलं पळवणारे ठरवले गेले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना ठार मारलं गेलं. त्याच रात्री मालेगावात जमावाने तशाच संशयाने घेरलेल्यांना पोलिसांनी कसंबसं वाचवलं; त्यांच्यात एक लहानगं मूलही होतं.

त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतला, पालकांना सावध करण्यासाठी बनवलेला. दुचाकीवरचे दोघे मूल उचलतात, लगेच परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. कुणीतरी शेवट कापला आणि नुसतं अपहरण उरलं. अशा निरोपात तारीख नसते, पोलीस ठाणं नसतं, पळवलेल्या मुलाच्या आईबापांचा पत्ता नसतो. म्हणूनच तो कुणाही अनोळखी माणसाला लागू पडतो, आणि आधी लागू पडतो तो भिक्षेकऱ्याला, फिरस्त्याला. त्याची ओळख पटवून द्यायला गावात कुणी नसतं. तू टाकलेल्या व्हिडिओला गाव नव्हतं, भाऊ. ते तू दिलंस.

तू म्हणशील, किडन्यांचा काळाबाजार खोटा आहे का? नाही. 2016 मध्ये मुंबईत उघड झालेल्या प्रकरणात पैसे घेऊन किडनी देणाऱ्या बाईला रुग्णाची बायको दाखवणारी खोटी कागदपत्रं केली होती. हा गुन्हा असा चालतो: गरजू माणूस गाठून, कागद रंगवून. कारण रक्तगट आणि ऊती जुळाव्या लागतात, शस्त्रक्रियागृह लागतं, तज्ज्ञ लागतात. रस्त्यावरून उचललेल्या मुलाची किडनी झोळीतून नेऊन विकता येत नाही. पोलीस लपवतात, हेही तू म्हणशील. मग मला सांग, पोलिसांनी इन्कार केला तर तो लपवल्याचा पुरावा आणि ते गप्प राहिले तरी तोच पुरावा, तर ही गोष्ट खोटी असल्यास कळणार कशी? खोटं ठरण्याची वाटच जिने बंद केली आहे, तिच्यावर कुणाचा जीव टांगू नये.

राहिलं तुझं खरं म्हणणं: सावध केलं तर काय बिघडलं? हे मी हलकं मानत नाही. मुलं हरवतात, आणि आईबापांची भीती खरी असते. पण सावध करायचं तर 112 ला कळव, मुलांसाठीच्या 1098 ला कळव. तिथे कुणीतरी चौकशी करतं. ग्रुपवर चौकशी होत नाही, नुसता राग साठतो. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवायची मर्यादा घातली. पण त्या मर्यादेतही दोनशे माणसांचे पाच ग्रुप धरले तर हजार जण होत होते. आणि गावातली माणसं व्हिडिओ कुठून आला हे बघत नाहीत, पाठवणारा कोण ते बघतात. तू शिकलेला, कुणाचं वाईट न चिंतणारा, म्हणून तुझ्या नावाने गेलेला निरोप लोकांना खरा वाटतो. घोर लागलाय तो याचाच.

राईनपाड्यात हात उचलणारेही कुणाचे तरी बापच होते. नंतर अटकेच्या भीतीने घरंच्या घरं ओस पडली. मेलेल्यांची लेकरं पोरकी झाली ती वेगळीच. दोन्हीकडचा विचार केला की तुझ्यावर ओरडायचंही बळ राहत नाही. तुला लहान भावंडांची काळजी वाटली म्हणून तू ते पाठवलंस, हे मला कळतं. तुझं हे हळवेपण जाऊ नये असंच मला वाटतं.

आजच ग्रुपवर लिही की ती ओळ तू स्वतः जोडली होतीस आणि तिला काही आधार नाही. लोक हसतील, एखादा टोचून बोलेल; बोलू दे. कसं लिहावं सुचलं नाही तर मला फोन कर, रात्री कितीही वाजता कर, आपण दोघं मिळून लिहू. आणि आईवर रागावू नकोस. तिने तुझी तक्रार केली नाही रे, ती घाबरली आहे. आधी तिच्याशी बोल, मग जेव.

तुझा,
मामा