पिशवी भर, कोठार नको

अगं, वर्षाचा तांदूळ, पाण्याचे कॅन रचून ठेवायचे, गॅलरीत पेट्रोलचे डबे, असं काय काय तू ठरवून बसली आहेस. घरात लेकरं असली की मन धास्तावतंच. पण ती धास्ती कामाला लाव, राणी.

जग कधी बुडेल ते कुणी सांगावं! आपल्या नाशिकात गोदावरीला पूर येतो, हे मात्र नक्की. २००८, २०१६, २०१९, सगळे आपल्या डोळ्यांसमोरचे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी पाणी चढू लागलं, की घाटावरचे दुकानदार माल हलवतात. कुठवर चढलं की काय करायचं, हे त्यांचं ठरलेलं असतं. तयारी म्हणतात ती हीच.

आपण इंदिरानगरात घाटापासून लांब. पण जवळ नासर्डी नदी आहे, तळघरात गाड्या आहेत. वीज गेली की पंप बंद, लिफ्ट बंद, वरच्या मजल्यावरच्या आजी अडकल्या. आपलं संकट बहुधा दोन-चार दिवसांचं, आणि त्यासाठी कोठार लागत नाही. याहून मोठं संकटही येतं: ऑगस्ट २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीत महामार्ग कित्येक दिवस बंद होता, पेट्रोल मिळेना. त्याच पुरात सांगलीकडच्या ब्रह्मनाळ गावात माणसांनी गच्च भरलेली नाव उलटली, कितीतरी जण बुडाले. म्हणून सांगते, निघा म्हटलं की सामान मोजत बसायचं नाही, वेळेवर निघायचं.

एक पिशवी भर. सासूबाईंची आठवडाभराची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी, आधार-रेशनकार्डाच्या झेरॉक्स प्लास्टिकमध्ये, विजेरी, भरलेली पॉवर बँक, थोडे सुट्टे पैसे (नेट बंद पडलं की फोनवरून पैसे जातीलच असं नाही), शेंगदाणे-गूळ, भडंग, मीठ-साखर. तीन-चार दिवस पुरेल इतकं पिण्याचं पाणी घरात असू दे. फोन नंबर वहीत लिही. ११२ आणि १०८ मुलांकडून पाठ करून घे.

पेट्रोल मात्र घरात अजिबात नको. संकट येवो न येवो, आगीचा धोका रोजचा. आणि सगळ्यांनीच वर्षाचं धान्य उचललं, तर रोजच्या कमाईवर किलो-किलो घेणाऱ्या बाईने काय करायचं?

या रविवारी सोसायटीच्या बैठकीत एवढं विचार: कोणत्या घरात एकटं म्हातारं माणूस आहे, आणि वीज गेली तर त्यांच्याकडे कोण जाणार? नावं ठरवूनच ऊठ.