विमान आणि मोटार : घडण वेगळी का?

भद्रावतीच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत. कोळशाचे ट्रक-टिप्पर आले की त्यांची बॉडी बांधणारे, वेल्डिंग आणि डेंटिंग करणारे कारागीरही आलेच. या कारागिरांचा विमानाशी काय संबंध, असे कुणी विचारील. परंतु दोन्हींच्या घडणीतला फरक समजला, तर गॅरेजमधल्या रोजच्या कामातही त्याचा फायदा होतो.

बिघाडाचा विचार : मोटार बंद पडली तर कडेला उभी करता येते, विमानाला ती सोय नाही. म्हणून पिस्टन इंजिनाच्या लहान विमानात सहसा प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि इंजिनाला दोन मॅग्नेटो असतात. एक गेला तरी दुसऱ्यावर इंजिन चालते. मोटारीत साधारणपणे एकच प्लग पुरतो.

वजन : मोटारीचा भार रस्ता पेलतो, विमानाचा भार पंखांना उचलावा लागतो. म्हणून मोटारीला पोलादी पत्रा चालतो, तर विमानासाठी बहुतेक ॲल्युमिनियमचे मिश्रधातू वापरत आले आहेत. तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश वजनात काम होते. यांतले बरेच मिश्रधातू वेल्डिंगच्या उष्णतेने कमजोर होतात, म्हणून पत्रे रिव्हेटने जोडतात. ट्रकमालकांनीही हा हिशेब करावा. बॉडीत गरज नसताना १०० किलो लोखंड जादा घातले, तर कायद्याच्या मर्यादेत दर खेपेला तेवढा माल कमी बसतो. महिन्याला २५ खेपा धरल्या तर अडीच टनांचे भाडे बुडाले.

धडक : मोटारीचा पुढचा भाग धडकेत चेपावा, असाच बनवतात. तो चेपताना धक्का शोषतो आणि आतली माणसे वाचतात. त्यावर जाड लोखंडी गार्ड बसवला तर ही योजना बिघडते. केंद्र सरकारने २०१७ साली अशा क्रॅश गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले. गिऱ्हाइकाने आग्रह धरला तरी त्याला हे समजावून सांगावे.

तडा : १९५४ साली ब्रिटनची दोन 'कॉमेट' जेट विमाने आकाशातच फुटली. केबिनमध्ये हवेचा दाब दर उड्डाणाला वाढे आणि उतरताना कमी होई. त्या ताणाने खिडक्या-झरोक्यांच्या कोपऱ्यांशी आणि रिव्हेटच्या भोकांशी पत्रा थकून तडा जात असे, असे तपासात दिसले. म्हणून आज विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोल असतात. खड्ड्यांतून धावणाऱ्या टिप्परच्या चॅसीलाही असाच ताण रोज बसतो. चॅसीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, वेल्डिंग करू नका, अशी ताकीद ट्रक कंपन्या देतात ती याचसाठी. पत्रा कापताना कोपरा गोल ठेवा. तडा दिसला तर नुसता वरून टाका मारून गाडी सोडू नका. त्या ट्रकखाली कुणाचा तरी जीव असतो.

कागद : मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. नोंदणी २०१७ साली आणि उड्डाणाची परवानगी २०१९ साली मिळाली. हात कितीही कुशल असला तरी विमानाच्या धंद्यात कागदाशिवाय कामाला किंमत नाही. कोणता भाग, कुणी, कधी बसवला, याची सहीनिशी नोंद तिथे ठेवावीच लागते.

ही सवय आपल्या गॅरेजमध्ये लावायला भांडवल लागत नाही. एक वही ठेवा. गाडीचा नंबर, काम, वापरलेला माल, करणाऱ्याचे नाव आणि तारीख त्यात लिहा. तक्रार आली तर वही बोलेल, आणि मोठ्या कंपनीचे काम मागायला जाल तेव्हाही तीच दाखवता येईल.